मेटॅलिकाला लातूरहून खुलं पत्र : बहात्तर आम्हालाही माहीत आहे

प्रति,
मेटॅलिका (अमेरिकेचा हेवी मेटल बँड) : जेम्स हेटफिल्ड (गायन, गिटार), लार्स उलरिक (ड्रम), कर्क हॅमेट (गिटार), रॉबर्ट ट्रुहियो (बास गिटार)

विषय : ‘सेव्हन्टी टू सीझन्स’ या अल्बमला चाळणी लावण्याबाबत

महोदय,

पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला ते वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. वाईट वाटून घेऊ नका. १९९७ साली लातुरात अकरावीला असताना तुमची पहिली कॅसेट माझ्या हातात पडली, तेव्हा मलाही तिच्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. दोन-अडीच वर्षं मी तुम्हाला नुसत्या आवाजावर ऐकलं. अर्थ मागाहून डिक्शनरी घेऊन लावला. तेव्हा फिटंफाट.

आधी माझी ओळख. मी आडत्या. लातूरच्या मार्केट यार्डात आधी मुनीम होतो, आता भागीदारीत दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. शेतकऱ्यानं आणलेल्या पोत्यात पोकळ टोकदार सळई खुपसायची, तळातला माल ओंजळीत घ्यायचा, फुंकर मारायची आणि एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. ओलावा मोजायचं मशीन आता दुकानोदुकानी आहे, पण दाढेची सवय जात नाही. सरकारी खरेदीत सोयाबीनला बारा टक्के ओलावा आणि दोन टक्के काडीकचरा चालतो. त्याच्या वर गेलं की माल परत.

तुमच्या अल्बमबद्दल लिहायला उशीर झाला तो याच सवयीमुळं. अल्बम आला एप्रिल २०२३ मध्ये. आठवडाभरात निम्म्यांनी ‘मेटॅलिका परत आली’ असा निकाल दिला, निम्म्यांनी ‘म्हातारे झाले’ असा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अल्बमच्या नावाच्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं, मग पहिल्या निम्म्यांचा आवाज वाढला. मी थांबलो. ओल्या मालाचा भाव काढला की एक तर शेतकरी मरतो नाही तर आडत्या. दोन सुग्या जाऊ दिल्या. आता दाणा वाळलाय, बोलतो.

पहिल्यांदा ऐकला तो दिवस सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येणार नाही. १४ एप्रिल, शुक्रवार. तुमच्याकडं तो नवीन अल्बम यायचा वार, आमच्याकडं आंबेडकर जयंती. यार्डाला सुट्टी. चौकात कमानी, निळे झेंडे, संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक्टरवर स्पीकरच्या भिंती रचायचं काम सकाळपासून चाललेलं. मी पुढच्या खोलीत मुलानं आणलेला थोराड स्पीकर लावून बसलो. पहिलंच गाणं. रॉब, तुमचा बास सुरू झाला आणि स्वयंपाकघरात मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून खुळखुळायला लागल्या.

आई आत लसूण सोलत बसली होती. ती उठली आणि अनवाणी अंगणात जाऊन उभी राहिली. बोलली काही नाही. हातात लसणाची कुडी तशीच.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मणामणाच्या मातीचं माळवद, अशी आमच्याकडची घरं. हादऱ्यापेक्षा या घरांनीच माणसं जास्त मारली. दहा हजारांच्या आसपास गेली. आमच्या घरातली वाचली, माळवद तेवढं खाली आलं. त्या पहाटे भिंतीच्या आधी मांडणी वाजली होती. एवढी वर्षं झाली, अजून ताटल्या वाजल्या की आईचे पाय आधी उठतात, डोकं मागून जागं होतं.

मी गाणं बंद केलं. ती आत आली.

“काय वाजवलालास रे?”

“नवा अल्बम आलाय. अमेरिकेचा बँड.”

“नाव काय त्येचं?”

मी आपलं मराठी करून सांगितलं, “बहात्तर ऋतू.”

ऋतू तिनं ऐकलाच नाही. म्हणाली, “बहात्तर? त्येंच्याकडं बी पडला व्हता का?”

जेम्स, मराठवाड्यात बहात्तर हा आकडा नाही. एकाहत्तरनंतर जे येतं ते वेगळं, ते शाळेत पाढे म्हणताना. मोठ्या माणसासमोर नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं की १९७२ चा दुष्काळ, दुसरं काही नाही. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोल गेली, माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती उपसायला गेली. आई तेव्हा सोळा वर्षांची. अमेरिकेहून आलेल्या मिलोच्या भाकरी तिनं वर्षभर खाल्ल्या. तुमच्या बँडचा देश कोणता हे कळल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, “मग त्येंनीच तर मिलो धाडला व्हता.” उपकार म्हणून म्हणाली की तक्रार म्हणून, मला अजून उलगडलेलं नाही. मिलोबद्दल तिचं मत फार चांगलं नाही.

तुमचा हिशेब मला कळतो. वर्षाला चार ऋतू, अठरा वर्षांचे बहात्तर. त्या पहिल्या अठरा वर्षांत जे अंगाला लागतं तेच माणूस पुढं जन्मभर निस्तरत बसतो, अशी कल्पना. आमच्याकडं बोलण्यात ऋतू तीनच: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, त्यातल्या मधल्याचा भरवसा नाही. शेतकरी तर दोनच धरतो, खरीप आणि रब्बी. त्या मापानं बहात्तर सुग्या म्हणजे छत्तीस वर्षं. पंचांगात मात्र ऋतू सहा. बहात्तरला सहानं भागा, बारा येतात. बारा वर्षांचं एक तप. मी १९८१ चा; भूकंपाच्या पहाटे बारा वर्षांचा होतो. मी हे ओढूनताणून आणलेलं नाही, त्या दिवशी आई परत लसणाकडं गेली तेव्हा बोटांवर मोजलं आणि निघालं.

जेम्स, तुमचाही एक हिशेब मी केला आहे. तुमचा जन्म ३ ऑगस्ट १९६३ चा. म्हणजे ऑगस्ट १९८१ मध्ये अठरा पूर्ण. आणि लार्सबरोबर तुम्ही बँड उभा केलात ऑक्टोबर १९८१ मध्ये. तुमचे बहात्तर ऋतू संपले आणि तीन महिन्यांच्या आत मेटॅलिका सुरू झाली! ज्या घरातून तुम्हाला बाहेर पडायचं होतं त्या घराला तुम्ही पाडलेलं दार म्हणजे हा बँड. सत्त्याहत्तर मिनिटांच्या अल्बममध्ये ही गोष्ट सरळ सांगणारी एक ओळ मी शोधत होतो. मिळाली नाही.

हीच माझी मुख्य तक्रार. या अल्बममध्ये अंधार फार आहे आणि तो कुठल्या घरातला, ते कळत नाही. बारा गाण्यांच्या नुसत्या नावांत एक सावली, एक अंधार, दोन वेळा उजेड आणि एक जाळणं आहे. आत गेलं की राग, भीती, मोह, वेदना, पुन्हा अंधार. सगळा घाऊक माल. तुम्ही पोतं दाखवता, दाणा दाखवत नाही.

आई बहात्तरबद्दल बोलते तेव्हा ‘दुःख’ हा शब्द कधी येत नाही. ती सुकडीबद्दल बोलते. कामावर मिळालेली सुकडी धाकट्या भावासाठी पदराला बांधून आणायची. वाटेत गाठ सोडून एक चिमूट खायची. गाठ पुन्हा बांधायची. थोडं पुढं गेलं की पुन्हा सोडायची. घर दिसायला लागलं की गाठ हातानं चाचपायची, किती उरली ते बघायला. बस, एवढंच सांगते आणि उठून कामाला लागते. आजही दुकानात आली तर बोलता बोलता खाली वाकते, फरशीवर सांडलेले पाच-सहा दाणे उचलते आणि जवळच्या पोत्यात टाकते. ते पोतं हरभऱ्याचं आहे आणि दाणे तुरीचे आहेत, हे तिला दिसत नाही. हमाल हसतात. मी काही बोलत नाही.

तुम्हाला हे जमत नाही असं म्हणायला मी तयार नाही, कारण तुम्ही ते केलेलं आहे. तुमच्या घरी ख्रिश्चन सायन्सची श्रद्धा. औषधपाणी, डॉक्टर त्यात बसत नाही. आई कॅन्सरनं गेली १९८० साली, तुम्ही सोळा वर्षांचे. अकरा वर्षांनी ‘द गॉड दॅट फेल्ड’मध्ये तुम्ही ती श्रद्धाच धरून हलवलीत. १९९६ मध्ये ‘मामा सेड’. आणि त्या सगळ्याच्या आधी, १९८८ मध्ये ‘डायर्स ईव्ह’. ते तर पत्रच आहे, आईबापाला लिहिलेलं, रागानं थरथरणारं, पाच मिनिटांत फाडून फेकल्यासारखं. पंचविशीतल्या पोरानं लिहिलेलं ते पत्र कच्चं असेल, पण त्यावर पत्ता होता. एकोणसाठाव्या वर्षी तुम्ही त्याच घराबद्दल पुन्हा लिहिता. राग निवलाय, समज आलीय, व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन स्वतःला धुऊन-पिळून परत आला आहात, आवाज तर मधल्या काळापेक्षा स्वच्छ लागलाय. पत्ता तेवढा गेला. यावेळी पत्र कुणालाही आलेलं असू शकतं, त्यामुळं ते कुणालाच आलेलं नाही.

गंमत अशी की तुमच्या मुखपृष्ठाला हे कळलं होतं. पिवळ्याधमक रंगावर जळून काळा पडलेला लहान बाळाचा पाळणा, भोवती करपलेल्या वस्तू. दाणा तिथं आहे. त्या पाळण्यावर एक गाणं हवं होतं.

एका ठिकाणी तुम्ही शब्द टाळला नाहीत, त्याबद्दल आभार मानतो. ‘स्क्रीमिंग सुइसाइड’. माणसाच्या डोक्यात बसलेली आत्महत्या स्वतःच बोलते आहे, असं ते गाणं. आमच्या भागात हा शब्द पेपरात वर्षानुवर्षं येतो, आकड्यासकट येतो. ज्या घरात घडतं त्या घरात मात्र कुणी उच्चारत नाही. तिथं ‘असं झालं’ म्हणतात. माझ्या दुकानातल्या जुन्या वहीत एका नावापुढं उचल लिहिलेली आहे आणि जमेची बाजू कोरी आहे. ते पान मी फाडलं नाही आणि येणं वसूल करायलाही गेलो नाही. त्याच्या मुलानं पुढच्या सुगीला माल आणला तेव्हा आम्ही दोघं पावसापाण्याचं बोललो. हे गाणं ऐकताना ते पान आठवतं. साडेपाच मिनिटांचं, वेगात जाणारं, बिनरडकं गाणं आहे. असंच हवं.

आता लांबीचं बोलू. यात मी थोडा कडक होणार आहे.

१९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आठ गाण्यांचा, पंचावन्न मिनिटांच्या आतबाहेर. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जास्त भरलं की आवाज पातळ व्हायचा, म्हणून तुम्हाला निवडावं लागायचं. गाणं तबकडीवर घ्यायचं म्हणजे दुसरं काढायचं. आता ती अडचण नाही. तबकड्या दोन काढता येतात, फोनवर तर लांबीला बंधनच नाही. बंधन सुटलं आणि २०१६ चा ‘हार्डवायर्ड’ सत्त्याहत्तर मिनिटांचा झाला, हाही सत्त्याहत्तरचा. (‘हार्डवायर्ड’ आला ते वर्ष लातूरचा माणूस विसरू शकत नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून आम्हाला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी मोजून वापरण्यात त्या वर्षी आमचा हात कुणी धरला नसता. म्हणून कुणी उगाच सांडलं की डोळ्यावर येतं.)

मी चाळणी लावली. चार गाणी खाली पडली: ‘स्लीपवॉक माय लाइफ अवे’, ‘क्राउन ऑफ बार्ब्ड वायर’, ‘चेझिंग लाइट’, ‘टू फार गॉन?’. वाईट एकही नाही. ‘टू फार गॉन?’ काढताना हात अडखळला, त्यातल्या गिटारी गोड आहेत. पण या चौघांनी जे सांगितलं ते उरलेल्या आठांनी अधिक चांगलं सांगून ठेवलंय, आणि चाल सगळ्यांची एकाच घोड्याची. वर राहिली आठ. त्यांची बेरीज केली तर त्रेपन्न मिनिटं. आठ गाणी, त्रेपन्न मिनिटं. ‘मास्टर’चंच माप निघालं की हो! चोवीस मिनिटांचा कडता कापलाय. आडत्या फार कापतो म्हणून शेतकरी शिव्या देतात. तुम्हीही द्या, पण त्या आठ गाण्यांचा अल्बम एकदा सलग ऐकून मग द्या.

आणि स्टेजवर ही चाळणी तुम्ही स्वतः लावताच. या अल्बमच्या दौऱ्यात अनेक गावांत दोन दोन रात्री वाजवलंत, पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. त्यात नव्या अल्बममधली घेतलीत मोजकीच. म्हणजे कुठली तगतात ते तुम्हाला कळतं. स्टुडिओत मात्र सगळीच लेकरं लाडकी.

लार्स, तुमच्याबद्दल इकडं लोक फार वाईट बोलतात. मी त्यांत नाही. २००३ च्या ‘सेंट अँगर’मधला तो स्नेअर ड्रम, पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा, तो मी विसरलेलो नाही, पण यावेळचा आवाज भरीव आहे, ‘इफ डार्कनेस हॅड अ सन’च्या सुरुवातीची ती संचलनासारखी चाल मला आवडते. सांगायचं ते वेगळंच. आमच्याकडं हलगी असते. वाजवणारा आधी जाळावर धरून ती तापवतो, कातडं ताणलं की मग काडी लागते. चांगला हलगीवाला ऐन रंगात आला की एक ठोका गिळतो. वाजवत नाही. नाचणाऱ्याचा पाय अधांतरी राहतो आणि मग तो पुढच्या ठोक्यावर असा काही पडतो की धूळ उडते. शेवटचं गाणं सोडलं तर या अल्बममध्ये तुम्ही एकही ठोका गिळलेला नाही. ‘ओरायन’सारखा नुसत्या वाद्यांचा तुकडा नाही, संथ गाणं नाही, श्वास घ्यायला ओटा नाही. ‘यू मस्ट बर्न!’ हळू चालतं, पण तेही ओझं घेऊन चालतं. ते मला आवडतं. रॉब, त्यात तुम्ही मागून गाता तेव्हा अंगावर काटा येतो.

कर्क, तुमचं ते पायानं दाबायचं वा-वा पेडल. आमच्या मैफलीत ‘वा, वा’ ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं. वाजवणाऱ्यानं स्वतःच दर सोलोत म्हटलं की ऐकणाऱ्याला काही उरत नाही. ‘रूम ऑफ मिरर्स’च्या शेवटी तुम्ही आणि जेम्स दोन गिटारी जोडीनं चालवता, तिथं पाय काढलाय आणि बघा काय झालंय. ते मी पुन्हा पुन्हा ऐकतो.

रॉब, तुम्ही २००३ मध्ये आलात म्हणजे नवे कसले राहिलात. पण तुमच्या आधीचा बासवाला जेसन चौदा वर्षं या घरात नांदला आणि पहिल्याच मोठ्या अल्बमवर त्याचा बास कुणाला ऐकूच आला नाही. नव्या सुनेला जसं पंगतीत वाढायला लावायचं आणि जेवायला मागं ठेवायचं. या अल्बमवर बास पहिल्या पंगतीला बसलाय. माझ्या आईनं सर्वांत आधी ओळखला तो तुमचाच आवाज, भलत्या कारणानं का होईना.

त्या आवाजाबद्दल आणखी थोडं. १९९७ मध्ये आम्ही चौघं एका खोलीत राहत होतो, लातूर पॅटर्नचे विद्यार्थी. पहाटे पाचला उठायचं, शिकवणी, कॉलेज, पुन्हा शिकवणी, रात्री सराव परीक्षा. भिंतीला वेळापत्रक, त्याच्याखाली खिळ्याला टॉवेल. नांदेडहून आलेल्या पार्टनरकडं वॉकमन होता आणि तुमचा तो काळा अल्बम, ज्याच्यावर काळ्यातच साप काढलाय तो. एका रात्री त्यानं एक कान मला दिला. खालचे स्वर सुरू झाले आणि माझ्या पोटात गोळा आला. जमिनीखालची गुरगुर अशीच असते, ही मला ओळखीची होती. मी कानातलं काढून फेकलं. पार्टनर म्हणाला, आवडत नसेल तर बंद कर, इथं बटण आहे. मी बटण दाबलं. गुरगुर थांबली. पुन्हा दाबलं. सुरू झाली. त्या रात्री मी ते बटण किती वेळा दाबलं, मोजलं नाही. पार्टनरचे सेल संपले आणि त्याची बोलणी खाल्ली. पुढं एका टेकूवर निम्मं आयुष्य काढतात तसं मी त्या बटणावर काढलं. तेव्हा अठरा वर्षांच्या देण्याची तुमची कल्पना मला पटवून द्यायची गरज नाही.

२०११ मध्ये तुम्ही भारतात आलात. २८ ऑक्टोबरला गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, लोकांनी स्टेज मोडलं. ३० तारखेला बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर वाजवलंत. मी सोयाबीनची ऐन आवक सोडून गेलो होतो. लातूरहून सोलापूर एसटीनं, पुढं रेल्वेच्या जनरल डब्यात दरवाज्याजवळ बसून. मालकाला (तेव्हा मुनीम होतो) मावसभावाचं लग्न सांगितलं. परत आलो तेव्हा घसा असा बसला होता की सौद्याला भाव पुकारता येईना. मालक म्हणाला, लग्नात तुतारी वाजवत होतास काय? अल्बमबद्दल इतकं कडू बोलायचा हक्क कुठून आणला म्हणून कुणी विचारलं, तर हे सांगायला ठेवलंय.

राहिलं ‘इनामोराटा’. मुद्दाम शेवटाला ठेवलं, तुम्हीही ठेवलंय. अकरा मिनिटं दहा सेकंद, तुमच्या स्वतःच्या अल्बमांतल्या गाण्यांत सर्वांत लांब. चोवीस मिनिटं कापायला निघालेला मी, यातला एक सेकंद कापणार नाही. दुःखालाच प्रेयसी समजून बसलेला माणूस. तिच्याशिवाय करमत नाही आणि तिच्याबरोबर जगवत नाही. घाई नाही. रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी चाल, चालते ती नांगर धरलेल्या बैलासारखी, एकसारखा, तासाच्या शेवटाला वळून परत. आणि मधे सगळं गळून पडतं. बास आणि थोडेसे ड्रम उरतात, जेम्स जवळजवळ बोलल्यासारखं गातात. हाच तो गिळलेला ठोका, लार्स. अकरा गाणी मी ज्याची वाट बघत होतो तो. मग गिटारी परत येतात तेव्हा त्यांना वजन असतं, कारण मधे काही नव्हतं.

इथंही घर दिसत नाही, पण माणूस दिसतो. दुःख सोडवत नाही याची लाज वाटणारा साठीचा माणूस. तो मला ओळखीचा आहे. फरशीवरचे दाणे उचलणारी बाई मला ओळखीची आहे, तसाच.

तेव्हा मागणं एवढंच. पुढचा अल्बम काढाल तेव्हा आधी ‘इनामोराटा’ ऐका, मग लिहायला बसा. आठ गाणी ठेवा. आणि जेम्स, त्या पाळण्याला लाकूड कसलं होतं, रंग कुठला होता, खोलीला खिडकी होती का, तेवढं सांगा. अंधार आमचा आम्ही घालून घेऊ.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक आडत्या
मार्केट यार्ड, लातूर

ता. क. : चाळलेल्या आठ गाण्यांची यादी गाडीत लावून ठेवली आहे. परवा आईला गावाकडं नेत होतो, ‘इनामोराटा’ चालू होतं, औशापर्यंत तिनं निमूट ऐकलं. मग विचारलं, ह्ये गाणं कशाचं? म्हटलं, दुःखाशी लगीन लावलेल्या माणसाचं. ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, “मग एवढं वरडायचं कशाला? गपगुमान नांदावं की.”